स्मिता पाटीलचे सिनेमे आणि आमच्या गावच्या बाया

आमच्या घरातल्या धाकट्या मंडळींपुढे ‘आर्ट फिल्म’ असं नुसतं म्हटलं तरी त्यांना हसू येतं. दाढी वाढवलेला एक माणूस, उजाड माळ, पाच मिनिटं जागचा न हलणारा कॅमेरा आणि शेवटी काहीच न घडणं, असं त्यांचं चित्र ठरलेलं आहे. ते अगदीच चुकतात असं मी म्हणणार नाही. मणी कौलांचा ‘उसकी रोटी’ आम्ही दोघांनी पाहिला तेव्हा आमचे हे मध्येच झोपले. अर्ध्या तासाने जागे झाले तर पडद्यावरची बाई नवऱ्याची रोटी घेऊन अजून बसची वाटच बघत होती. “अजून आला नाही का गं तो?” एवढं विचारून ते पुन्हा झोपले. पुढे कित्येक वर्षं एसटी उशिरा आली की आमच्या घरात हा सिनेमा निघायचा!

तर असो. चेष्टा करायला माझी काही हरकत नाही. पण त्या सिनेमांतले काही असे होते की त्यांनी आमच्या गावात, आमच्या घरात खरोखर काहीतरी हलवलं. ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि बघणाऱ्यांपैकी लिहिणारी मीच उरले आहे, म्हणून हा प्रपंच.

थोडा इतिहास आधी. आपल्याकडे हे सिनेमे आभाळातून पडले नाहीत. १९५२ साली आपल्या देशात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला. त्यात इटलीचा ‘बायसिकल थीव्हज’ लोकांनी पाहिला आणि स्टुडिओबाहेर, साध्या माणसांची साधी गोष्ट सांगता येते हे अनेकांना पहिल्यांदा दिसलं. १९५५ मध्ये सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ आला. राय यांचे स्वतःचे पैसे संपले, बायकोचे दागिने गहाण पडले आणि शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. १९५९ मध्ये देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, त्याचे पहिले अध्यक्षही रायच. १९६० मध्ये केंद्र सरकारने फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं. त्याच्या कर्जातून मृणाल सेनांनी १९६९ मध्ये ‘भुवन शोम’ केला, त्यात आपली सुहासिनी मुळे. नव्या लाटेची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. इकडे पुण्यात प्रभातच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली होती आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. ही प्रभात मूळची कोल्हापूरची, १९२९ मध्ये तिथे निघालेली, १९३३ मध्ये पुण्याला गेलेली. आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून ‘प्रभात आमची’ असंच म्हणायची.

पण हा सगळा शहरातला मामला. आम्ही कृष्णाकाठची माणसं. तालुक्याला एक टॉकीज आणि जत्रेला तंबूतला सिनेमा, एवढंच आमचं जग. माझ्या आईने ‘सांगत्ये ऐका’ तंबूत पाहिला होता. १९५९ चा तो अनंत माने यांचा तमाशापट. पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये दोरी. हंसा वाडकरचं नाव आई घ्यायची ते कौतुकानेच, पण आवाज थोडा खाली आणून.

स्मिता पाटील आमच्या पिढीची. ती १९५५ मध्ये पुण्यात जन्मली, मी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. वडील खानदेशातले, राजकारणात. आई परिचारिका आणि समाजकार्य करणारी. राष्ट्र सेवा दलाचे संस्कार. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्यावर ती मराठी बातम्या वाचू लागली. सावळी, मोठ्या डोळ्यांची, ठसठशीत. आमच्याकडे टीव्ही यायला अजून बारा वर्षं होती, त्यामुळे बातम्या वाचणारी स्मिता मी पाहिलेली नाही. पण मुंबईला असणाऱ्या माझ्या मावसबहिणीने पत्रात लिहिलं होतं की “बातम्यांना एक मुलगी येते, ती आपल्यातलीच वाटते.” हे ‘आपल्यातली’ फार महत्त्वाचं आहे बरं का. तोपर्यंत पडद्यावरच्या नायिका आपल्यातल्या नसायच्या. त्या गोऱ्या असायच्या आणि त्यांच्या टाचांना भेगा नसायच्या.

‘मंथन’ १९७६ चा. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा. या सिनेमाला पैसे कुणी दिले हे आमच्या नातवंडांना सांगितलं तर खरं वाटत नाही. गुजरातच्या दूध उत्पादक सहकारी महासंघाच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले, १० लाख रुपये झाले आणि त्यात सिनेमा झाला. पुढे तो लागला तेव्हा हे शेतकरी ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला आले. निर्माता म्हणून ५ लाख माणसं! आता यासाठी काय काय नवे शब्द निघालेत, पण डॉ. कुरियन यांनी तेव्हा दुधाच्या पैशातून दोन रुपये बाजूला काढून ते करून दाखवलं.

माझी नोकरी १९७५ मध्ये सुरू झाली. बी.ए. मराठी, पण बी.एड. नाही, म्हणजे अप्रशिक्षित शिक्षिका. १९७६ मध्ये लग्न झालं, सासर शाळेपासून तीन मैलांवर. २ ऑक्टोबर १९७८ ला सरकारने प्रौढ शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि आमच्या गावातला बायकांचा वर्ग माझ्याकडे आला. रात्री आठला, देवळाच्या ओवरीत, कंदील माझ्या घरचा. बावीस बायकांची नावं हजेरीत होती, यायच्या दहा-बारा. दिवसभर ऊस खुरपून, भाकरी थापून, धार काढून आलेली बाई ‘क कमळाचा’ म्हणता म्हणता भिंतीला टेकून झोपायची. आणि खरं सांगते, तिला उठवून कमळ शिकवण्यात काय अर्थ आहे हे मलाच कळत नव्हतं.

१९७९ च्या थंडीत दूध संस्थेच्या लोकांनी गावात ‘मंथन’ आणला. १६ मिलिमीटरचं मशीन, शाळेच्या पटांगणात दोन लिंबांच्या मधे बांधलेला पडदा. मशीन एकच, त्यामुळे रीळ संपलं की थांबायचं. बायकांना हिंदी बेताचंच कळायचं, आणि या सिनेमातल्या हिंदीला गुजराती वळण. मग रीळ बदलेपर्यंत मी उभी राहून पुढची-मागची गोष्ट सांगायची, अशी जबाबदारी सरपंचांनी माझ्यावर टाकली. एका अर्थाने मी तो सिनेमा शिकवला.

गोष्ट थोडक्यात अशी. डॉक्टर राव नावाचा जनावरांचा डॉक्टर सहकारी दूध संस्था काढायला गावात येतो. खासगी डेअरीवाला मिश्रा भाव पाडून दूध घेत असतो, सरपंचाला संस्था आपल्या मुठीत हवी असते, हरिजन वस्तीतली माणसं कुणावरच विश्वास ठेवत नाहीत. स्मिताने केलेली बिंदू ही पोराला घेऊन एकटी राहणारी, म्हैस पाळणारी बाई. जिभेला धार. नवरा परागंदा. तो परत येतो, म्हैस मरते आणि अशा अडचणीत असताना तिचा अंगठा एका कागदावर घेतला जातो. तो कागद म्हणजे डॉक्टर राववर घाणेरडा आळ घेणारी तक्रार असते. काय लिहिलं आहे ते तिला ठाऊकच नाही.

त्या प्रसंगाला पटांगणात जी शांतता पसरली ती मी आजवर विसरलेले नाही. त्यानंतर रीळ संपलं. मी काही सांगायला उभी राहिले, तर बायकांच्या बाजूने एकीने विचारलं, “बाई, आमचाबी अंगठा असाच घेत्यात. त्यात काय लिवलेलं असतंय?”

मला उत्तर देता आलं नाही. तिला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत यायला सांगितलं.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. म्हशीचं वैरण-पाणी, शेण, धार सगळं बाईचं. डेअरीला दूध घालायलाही पुष्कळदा बाईच जाणार. पण सभासद पुरुष. पुस्तकावर नाव त्याचं, दहा दिवसांचं बिल त्याच्या हातात. फॅट किती लागली, डिग्री किती, लिटरला काय भाव, हे तिला कुणी सांगायचं नाही. पुरुष मुंबईला गिरणीत असला तर ती बिल उचलायची, अंगठा उठवून.

ज्या बाईने तो प्रश्न विचारला तिला मी इथे बिंदूच म्हणते. तिचाही नवरा गिरणीत होता. दोन म्हशी, दोन पोरं, सासरा आंधळा. दुसऱ्या दिवशी ती आली ती दूध संस्थेचं पुस्तकच घेऊन. त्या दिवसापासून मी ‘क कमळाचा’ बंद केलं. वर्गात पहिली शिकवायची ती सही, मग आकडे, मग दुधाचं पुस्तक. फॅटचा रकाना, भावाचा रकाना, कपातीचा रकाना. पेंडीचे पैसे कापले असतील तर ते किती पोत्यांचे. वरून आलेल्या पाठ्यपुस्तकात यातलं काही नव्हतं. तपासणीला आलेल्या साहेबांना मी ते तसं सांगितलंही, आणि त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण हजेरी दहावरून एकोणीसवर गेली.

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. बाईने सही केली तर अंगठ्याशी जुळत नाही म्हणून बिल अडवायचं, अर्ज आणा म्हणायचं, अर्जावर नवऱ्याची सही आणा म्हणायचं, असं महिनाभर चाललं. दोघी-तिघींना घरी मार बसला. एकीने वर्गच सोडला. बिंदू मात्र अर्ज घेऊन चारदा जाऊन उभी राहिली आणि १९८० मध्ये स्वतःच्या नावाने सभासद झाली. त्याचं महत्त्व दोन वर्षांनी कळलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमच्या भागातली घरंच्या घरं बसली. हिचा नवरा गावी परत आला, परत गेला, पुन्हा आला. ते घर दोन वर्षं दुधाच्या बिलावर चाललं आणि ते बिल तिच्या सहीने निघत होतं.

हे सगळं एका सिनेमामुळे झालं असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल, आणि हसणं बरोबरच. दूध संस्था होती, भाव मिळत होता, प्रौढ शिक्षणाचा वर्ग होता म्हणून झालं. पण वर्गात काय शिकवायचं हे मला त्या सिनेमाने सांगितलं, कुठल्या परिपत्रकाने नव्हे.

‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’ हे आम्ही तालुक्याला टॉकीजमध्ये पाहिले. ‘सामना’तले मास्तर आमच्या स्टाफरूममध्ये कित्येक दिवस मुक्कामाला होते. त्याचे निर्माते रामदास फुटाणे स्वतः चित्रकलेचे शिक्षक, याचा आम्हा मास्तर लोकांना कोण अभिमान! पण त्या सिनेमाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, त्यामुळे मी ‘उंबरठा’कडे येते.

‘उंबरठा’ १९८२ चा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातली सून सुधारगृहाची अधीक्षक म्हणून दूरगावी जाते. मुलगी जावेकडे ठेवते. तिथे संचालक मंडळाशी, बाहेरच्या लोकांशी आणि त्या मुलींच्या दुःखाशी झगडून ती थकते. घरी येते तर मुलगी जावेची झालेली आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. ती पुन्हा घराबाहेर पडते. सुरेश भटांची गाणी सगळ्यांना माहीत आहेत, पण गाण्यांनी तो सिनेमा गोड होत नाही.

त्याच उन्हाळ्यात माझा कोल्हापूरला बी.एड.ला नंबर लागला होता. बी.एड. नाही तर नोकरी कायम नाही, अशी परिस्थिती. वर्षभर वसतिगृहात राहायचं आणि मुलगा तीन वर्षांचा. ह्यांची ना नव्हती, पण होही नव्हतं. घरात हा विषय निघाला की ते गोठ्याकडे जायचे. आणि अशा वेळी तालुक्याला ‘उंबरठा’ लागला. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, म्हणाल्या मलाही ने. मला धडकीच भरली. हा सिनेमा बघून आल्यावर आत्याबाई मला कसल्या पाठवतात!

टॉकीजमध्ये बायकांची कुजबूज चालली होती. लेकराला टाकून गेली, मग असंच होणार. आत्याबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या. येताना एसटीत एक शब्द नाही. घरी आल्यावर चुलीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, “तिचं गाव लांब पडलं. तुझं कोल्हापूर काय, शनिवारी दुपारची गाडी धरलीस की रातीला घरात. पोर माझ्यापाशी राहील.” मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाल्या, “पर ते मला आई म्हणाय लागलं तर रुसायचं न्हाई. आत्ताच सांगून ठेवते.”

समीक्षकांनी या सिनेमावर खूप लिहिलं. सुलभाचं जाणं बरोबर की चूक यावर मासिकांत वाद झाले. आत्याबाईंनी तो सिनेमा अंतराचा आणि गाडीच्या वेळेचा हिशेब म्हणून पाहिला आणि माझा प्रश्न सोडवून टाकला. मी जूनमध्ये कोल्हापूरला गेले. मुलगा त्यांना आई म्हणू लागला आणि मला पुढची दोन-तीन वर्षं, सगळी पोरं म्हणायची तसं, ‘बाई’. मी रुसले नाही. म्हणजे त्यांना दिसेल असं रुसले नाही.

‘भूमिका’ मी त्याच वर्षी कोल्हापुरात मॅटिनीला पाहिला, वसतिगृहातल्या तिघी मैत्रिणींबरोबर. आईने तंबूत पाहिलेल्या हंसा वाडकरची ही गोष्ट. हंसाबाईंनी आपलं आयुष्य पत्रकार अरुण साधूंना सांगितलं, ते आधी ‘माणूस’मध्ये आणि १९७० मध्ये ‘सांगत्ये ऐका’ याच नावाने पुस्तक होऊन आलं. कॉलेजात असताना ग्रंथालयातून मी ते मागितलं तर तिथल्या गृहस्थांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं होतं! बेनेगलांच्या सिनेमात स्मिता सोळा-सतरा वर्षांच्या पोरीपासून थकलेल्या नटीपर्यंत सगळं होते, आणि हे करताना ती स्वतः बावीसची. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नाही. नवऱ्याच्या घरातून सुटून ती एका श्रीमंत जमीनदाराच्या वाड्यात जाते, आणि तिथे कळतं की या दारातून बाहेर पडायचीच परवानगी नाही. सोडवणूक करायला बोलवावं लागतं ते ज्याला सोडलं त्या नवऱ्यालाच. आम्ही तिघी वसतिगृहात परतलो तेव्हा दाराला लवकर कुलूप लावणाऱ्या रेक्टरबाईंचा त्या रात्री नाही म्हटलं तरी जरा जास्तच राग आला.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाही खटकली होती. झोपडपट्टीवरच्या ‘चक्र’ला स्मिताला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तो सिनेमा विकताना जाहिरातीत लावलं काय, तर ती उघड्यावर अंघोळ करत असतानाचं चित्र. जयवंत दळवींची कादंबरी, एवढी मोठी नटी, आणि भिंतीवर हे. कलात्मक सिनेमा म्हटला म्हणजे विकणारे संत होतात असं नाही.

१३ डिसेंबर १९८६ ला ती गेली. मुलगा जन्मून पंधरा दिवस झाले होते. वय एकतीस. आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी. त्या रात्री आमच्या ओवरीत कंदील लावला खरा, पण पाट्या कुणी काढल्याच नाहीत. ‘मिर्च मसाला’ तिच्यामागून, १९८७ मध्ये आला. तो मी पुढे टीव्हीवर पाहिला.

२०२४ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘मंथन’ची प्रत दुरुस्त करून नव्यासारखी केली. तो आधी कान महोत्सवात दाखवला आणि जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे थिएटरांत लागला. भाची मला पुण्यात घेऊन गेली. खुर्च्या मऊ, गारवा, आणि पडद्यावर एवढं स्वच्छ की बिंदूच्या हातावरचं गोंदण दिसावं. लिंबाच्या झाडांमधल्या आमच्या पडद्यावर निम्मं तर वाऱ्याने हलत होतं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला बेनेगलही गेले.

थिएटरमधून बाहेर आल्यावर मी गावी आमच्या बिंदूला फोन लावला. ती आता सत्तरीच्या पुढे आहे, म्हशी सुनेकडे दिल्यात. म्हटलं, आपण पटांगणात बघितला होता तो सिनेमा आज पुन्हा बघितला, आठवतो का? अंगठ्याचा प्रसंग ती काढेल अशी माझी खात्री होती.

“आठवतोय की,” ती म्हणाली, “त्यातली म्हस मेल्ती. चांगली म्हस हुती ओ बाई, येता-जाता दहा लिटरची असंल.” आणि मग दहा मिनिटं सुनेच्या म्हशीला फॅट का लागत नाही ते सांगत बसली.